आठवा फॉर्म कुणाचा?

"थांबा!"

सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. बाइंडिंगखान्यातल्या बारा जणांचे चोवीस हात कागदावरून वर गेले. घडीच्या टेबलावरच्या बायांनी पट्ट्या खाली ठेवल्या, शिलाई मशीनचा खटका अर्ध्यावरच थबकला. गोंदकाकांचा ब्रश पुस्तकाच्या पाठीवर टेकायच्या बेतात होता, तो तसाच अधांतरी राहिला आणि त्याच्या टोकावरून एक जाडजूड थेंब काकांच्या चपलेवर पडला.

"घ्या," काका म्हणाले, "आता ही चप्पल आणि मी जन्माचे एक झालो."

कुणी हसलं नाही. कारण ज्या बाईने थांबा म्हटलं होतं ती खिडकीजवळच्या तपासणीच्या खुर्चीत ताठ बसली होती, आणि तिच्या हातात एक फॉर्म होता, म्हणजे एका छापील कागदाची घडी घालून केलेली सोळा पानं.

तिला सगळे तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे थांबाताई. वय सत्तेचाळीस. दहावी झाल्या झाल्या ती या कामाला लागली. अकरा वर्षं घडी घातली, नऊ वर्षं फॉर्म ओळीने लावले, आणि मग एकदम खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. ती बढती तिला मिळाली त्याला कारण एक न्यायाधीश आणि मिरचीची रोपं.

झालं होतं असं. एका निवृत्त न्यायाधीशांचं आत्मचरित्र बांधायला आलं होतं. छापखान्यात त्याच वेळी, त्याच आकाराचं बागकामाचं पुस्तक चालू होतं. दोन्हींचे फॉर्म एका हातगाडीवरून आले, आणि नवव्या फॉर्मच्या जागी बागकामाचा नववा फॉर्म गेला. पान क्रमांक बरोबर, कागद तोच, अक्षर तेच. न्यायाधीश एका खुन्याला शिक्षा सुनावायला उभे राहतात, वाचक पान उलटतो आणि साहेब सांगतात, रोपांना पाणी संध्याकाळीच घालावं. सातशे प्रती बाहेर गेल्या. मोठ्या मालकांनी दोन दिवस अंथरूण धरलं. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना समोर उभं करून त्यांनी विचारलं, "एकाच्याही लक्षात येऊ नये?"

ही तेव्हा फॉर्म लावायला होती. खाली मान घालून म्हणाली, "माझ्या आलं होतं. मी वाचलं होतं ते. मला वाटलं, निवृत्तीनंतर साहेबांनी बाग केली असेल."

सगळ्यांना वाटलं, आता हिची गच्छंती. मोठ्या मालकांनी तिला पुढे बोलावलं. मग म्हणाले, "बारा जणांत वाचणारी तू एकटीच निघालीस. पुढच्या वेळी काही वाटलं तर मनात ठेवू नकोस. ओरड." त्याच दुपारी खिडकीजवळ खुर्ची टाकली आणि नियम झाला. तपासणीच्या खुर्चीतून थांबा आलं की सगळ्यांनी हात वर करायचे, मग मालक का असेना. आणि त्याच खुर्चीतून 'चालू' आल्याशिवाय कागदाला बोट लावायचं नाही.

मोठे मालक आता नाहीत. नियम राहिला, खुर्ची राहिली. ताईला त्या खुर्चीचा मान वगैरे होता म्हणाल तर थोडाफार होताच, पण खरी गोष्ट वेगळी होती. त्या खुर्चीत वाचायला मिळायचं. घरी दोन खोल्या आणि माणसं पाच. नवरा विजेच्या मोटारींचं रिवाइंडिंग करायचा आणि निम्मं दुकान घरी आणायचा. जेवायला बसलं तरी मांडीखाली तांब्याची तार सापडायची. टीव्ही सासूबाईंच्या ताब्यात, आणि तो बंद झाला की दिवाही बंद. अशा घरात पुस्तक उघडणं म्हणजे रस्त्याच्या मधोमध झोपणं. घडीच्या टेबलावर तर सोयच नाही, एक कागद सहा सेकंद हातात राहतो. वाचायची म्हणून जगात तिची एकच जागा होती, खिडकीजवळची. चार-साडेचारशे पुस्तकं तिने तिथे वाचली होती, सगळी सुट्टी, न शिवलेली. पुस्तकाला पुठ्ठा चढला की ते तिच्या हातून जायचं.

आणि हीच खुर्ची आज पणाला लागली होती. कारण या वर्षात तिचे दोन थांबा फुकट गेले होते. पहिला एका कवितासंग्रहावर. एक पान उलटं छापलेलं तिने पकडलं, दीड तास काम थांबलं, आणि कवीने फोनवर सांगितलं की ती कविता उलटीच वाचायची आहे. दुसरा एका प्रवासवर्णनावर. आठ पानं कोरी होती. ती म्हणे वाचकाने स्वतःचा प्रवास लिहिण्यासाठी सोडली होती. तेव्हा धाकटे मालक तिला केबिनमध्ये बोलवून म्हणाले होते, "ताई, बाबांचा नियम मी मोडणार नाही. पण तिसरा फुकट गेला तर खुर्चीत दुसरं कुणीतरी बसेल. तुम्ही घडीला."

आजचा तिसरा होता.

धाकटे मालक केबिनमधून आले ते फोन कानाला लावूनच. त्यांनी सगळ्यांचे रिकामे हात पाहिले, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि फोन खिशात टाकला.

"काय झालं?"

"आठवा फॉर्म आपला नाही," ताई म्हणाली. "दुसऱ्या पुस्तकाचा आहे."

"कशावरून?"

"वाचून बघा ना."

"मी वाचत बसू? सहाला टेम्पो येतोय, ताई. हजार प्रती. उद्या सकाळी दहाला प्रकाशन आहे, पाहुणे यायचेत. तुम्ही सांगा."

ताईने दोन फॉर्म समोर ठेवले. सातव्याचं शेवटचं पान, एकशे बारा. आठव्याचं पहिलं, एकशे तेरा.

"हे बघा. ही एक नर्स आहे. हिच्या हॉस्पिटलची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकते आणि दार उघडलं की चौदा वर्षांपूर्वीची दुपार. त्या दुपारी हिच्या धाकट्या भावाला कुणीतरी दारातून हाक मारली होती, 'येतोस ना?' तो चपला घालून गेला तो परत आलाच नाही. हाक कुणी मारली ते घरात कुणालाच माहीत नाही. तेच बघायला ही मागे गेलीय. स्वयंपाकघराच्या दाराआड उभी आहे. आता ऐका शेवटचं वाक्य. 'जिन्यावरची पावलं दाराशी थांबली. तिने श्वास रोखला.' संपलं पान. आणि पुढचं पान, 'कप्तानाने दुर्बीण डोळ्याला लावली.'"

"मग?"

"मग काय? जहाज! चाचे! सोळाच्या सोळा पानं तोफा उडतायत. आणि बाईचं नावसुद्धा बदललंय."

मालकांनी फॉर्म हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. पूर्वी प्रत्येक फॉर्मच्या पायाशी पुस्तकाचं छोटं नाव असायचं. या नव्या छापखान्याने ते बंद करून नुसता आकडा ठेवला होता. तिथे आठ होता. कुणाचा आठ ते कागद काही सांगेना.

त्यांनी छापखान्यात फोन लावला. छापखान्यात तेव्हा समुद्री चाच्यांचं पुस्तक चालू होतं का? तिकडचा माणूस म्हणाला, पुस्तकं पाच चालू होती, त्यांत काय होतं ते छापणाऱ्याला ठाऊक, आणि छापणारा सासुरवाडीला गेलाय. प्रकाशकाचा फोन बंद. शेवटी लेखकाचा नंबर मिळाला. लेखक महाविद्यालयात तासावर होते. म्हणाले, दोन वाजता स्वतःच येतो.

"दोन," मालक म्हणाले. ते ओरडले नाहीत, तेच जास्त वाईट होतं. "दोन ते सहा चार तास. सातशे प्रती शिवायच्या राहिल्यात. ताई, हा प्रकाशक वर्षाला दहा पुस्तकं देतो आपल्याला. तिकडे सगळं मशीनवर बांधणाऱ्या एकाने त्याला कमी दर दिलाय. त्याच्याकडे कुणी थांबा म्हणत नाही. अजूनही वेळ आहे, म्हणा चालू. माझी हरकत नाही."

बारा जण तिच्याकडे बघत होते. ताईच्या डोळ्यांसमोर ते न्यायाधीश आले, एका हातात निकाल आणि दुसऱ्या हातात झारी.

"नाही," ती म्हणाली. "फॉर्म दुसऱ्याचाच आहे."

मालक केबिनमध्ये गेले. दार आपटलं नाही, हळू लावलं.

रिकामे हात घेऊन माणसं बसली की तोंडं चालू होतात. घडीच्या टेबलावरच्या वहिनी म्हणाल्या, "ताई, खुर्चीची उशी बदलून ठेवा हं. माझी कंबर जरा नाजूक आहे."

"तुम्ही बसणार होय वहिनी?" गोंदकाका म्हणाले. "तुम्ही तर लग्नपत्रिकासुद्धा शेवटून वाचता, जेवण कुठे आहे ते बघायला."

"मग? पत्रिकेत महत्त्वाचं तेवढंच असतं."

हशा पिकला. ताईही ओठांच्या कोपऱ्यातून हसली, पण तिचं लक्ष टेबलावर होतं. उरलेले फॉर्म तिच्यासमोर होते, नऊ ते चौदा. आठव्यापासून पुढचे सगळे काल संध्याकाळी उशिरा आले आणि सकाळपासून लावायची घाई, त्यामुळे आठव्याच्या पुढे तिने काही उघडलंच नव्हतं. आता वेळच वेळ होता. दुसऱ्या पुस्तकाचा एकच फॉर्म घुसलाय की जास्त, हे लेखक यायच्या आत कळलं पाहिजे. तिने नववा उघडला.

नवव्यात जहाज नव्हतं. नवव्यात रेनकोट घातलेला एक गुप्तहेर होता आणि त्याच्या टोपीवरून पावसाचं पाणी ठिबकत होतं. ताईच्या जिवात जीव आला. म्हणजे दोन फॉर्म घुसलेत! दहाव्यात पोटमाळ्यावरचं भूत. तीन! आता खुर्चीला काही धोका नाही, उलट मालकच चहा पाजतील. अकराव्यात इसवी सन चोवीसशे, माणसं नळ्यांतून जेवतायत. चार फॉर्म चार पुस्तकांचे. इथे मात्र ताईचा हात जरा मंदावला. छापखाना ढिसाळ असेल, पण इतका? पाच पुस्तकं चालू होती म्हणतात, तर पाचही एकात बांधायला निघाले होते की काय?

बाराव्यात प्रेमपत्रं होती. कुणी बाई कुणा खलाशाला लिहीत होती. खलाशी म्हटल्यावर ताईने आठवा फॉर्म परत चाळला. जहाजावर एक खलाशी होता. तिने पुढे वाचलं, एकेका ओळीवर बोट ठेवून. पान एकशे सत्त्याऐंशी. 'मला अजूनही कधी कधी त्या लिफ्टचा वास येतो, फिनेलचा.'

ताईने चष्मा काढला, पुसला, घातला. वाक्य तिथेच होतं.

लिफ्ट. फिनेल. म्हणजे ही तीच नर्स. जहाजावरची तीच, पोटमाळ्यावरची तीच, नळ्यांतून जेवणारीही तीच. काळात इकडून तिकडे उड्या मारत होती आणि दर उडीला नाव बदलत होती. चार पुस्तकं घुसली नव्हती. एकाच पुस्तकात चार पुस्तकं कोंबली होती.

घड्याळात पावणेएक झाले होते. आत्ता उठून चालू म्हणावं तर सव्वा तास तरी वाचेल. पण चालू म्हणणं म्हणजे तिसरा फुकट गेला हे आपल्या तोंडाने सांगणं. तिने केबिनच्या काचेतून बघितलं. मालक दोन्ही हातांत डोकं धरून बसले होते. ताई खुर्चीतून अर्धी उठली आणि परत बसली. खरं सांगायचं तर ती खुर्चीसाठी बसली नाही. तेरावा आणि चौदावा राहिला होता. जायचीच खुर्ची तर जाऊ दे, निदान दाराशी कोण आलं होतं ते तरी कळू दे. तीन दिवस ती त्या स्वयंपाकघराच्या दाराआड श्वास रोखून उभी होती. काल भाजी करपली होती, सासूबाईंनी दोनदा हाक मारलेली ऐकू आली नव्हती. जिन्यावरची ती पावलं तिच्या कानात होती.

तेराव्यात गुप्तहेर आणि भूत भेटले आणि दोघांनी मिळून चोवीसशे सालातल्या एका राजाला पळवलं. चौदाव्यात लग्न झालं. कुणाचं ते नीट कळलं नाही. शेवटच्या पानावर नर्स समुद्रकाठी बसली होती आणि काळ ही एक लाट आहे असं म्हणत होती. भावाचा उल्लेख नाही. दाराचा नाही. हाकेचा नाही.

ताईने चौदावा फॉर्म मिटला. तिला राग आला, असा की कानशिलं गरम झाली. एकवेळ बसवाल्याने भलत्याच ठिकाणी उतरवलेलं परवडलं, तो निदान ओरडून सांगतो. इथे गाडी चालू असताना ड्रायव्हरच उडी मारून गेला होता. आणि अशा पुस्तकापायी तिची खुर्ची जाणार होती.

ती उठून केबिनच्या दाराशी गेली. "मालक, मला वाटतं..."

"दोन मिनिटं, ताई," मालक फोनवर हात ठेवून म्हणाले. "लेखक निघालेत. लवकर सुटलेत. पंधरा मिनिटांत येतील. आता ते काय म्हणतात तेच ऐकू."

लेखक आले. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट, चेहऱ्यावर उद्याच्या प्रकाशनाचा उजेड आजपासूनच. मालकांनी खुर्ची पुसून दिली. सगळा प्रकार ऐकून घेतल्यावर ते आधी चकित झाले आणि मग मनापासून खूश झाले.

"वा! म्हणजे तुम्हाला खरंच वाटलं की वेगवेगळी पुस्तकं आहेत? हेच तर हवं होतं मला!" ते ताईला म्हणाले. "विज्ञानकथा, सागरकथा, हेरकथा, भयकथा, प्रेमकथा. मी सगळ्यांची मोट बांधलीय. भिंतीच पाडून टाकल्यात. फॉर्म सगळे बरोबर आहेत हो. माझंच आहे हे."

मालकांनी ताईकडे पाहिलं. वहिनींनी कमरेवर हात ठेवला. गोंदकाका आपल्या चपलेकडे बघू लागले.

"कळलं मला," ताई म्हणाली. "मी वाचलं सगळं आत्ता. चूक झाली माझी. पण सर, एक विचारू?"

"ताई," मालक म्हणाले, "झालं ना आता?"

"विचारू द्या, विचारू द्या," लेखक म्हणाले. पहिला वाचक भेटला होता, त्यांना घाई नव्हती.

"दाराशी कोण आलं होतं?"

"कुठल्या दाराशी?"

"एकशे बारावर. पावलं थांबली ना जिन्यावरची? भावाला हाक मारायला कोण आलं होतं?"

"अच्छा, ते!" लेखक हसले. "ते आहे की. शेवटाकडे आहे. भूत जेव्हा... थांबा, दाखवतो."

त्यांनी तेरावा फॉर्म घेतला. पानं उलटली. मग चौदावा घेतला. परत तेरावा. मग बारावा. चष्मा कपाळावर चढवला. ताई त्यांच्या बोटांकडे बघत होती. तिला ठाऊक होतं की ते तिथे नाही. लेखकांना ते ठाऊक होत होतं, आत्ता, तिच्यासमोर, पानापानाने. त्यांचा डावा कान लाल झाला, मग उजवा. चौदाव्याच्या शेवटच्या पानाशी ते आले आणि त्यांचं बोट समुद्रकाठावर थांबलं.

"काही राहिलंय का, सर?" मालकांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "पानं वगैरे?"

लेखकांनी मिटलेल्या फॉर्मवर हात ठेवला. बारा माणसं, मालक आणि ताई त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"नाही," ते म्हणाले. "असंच हवंय. ते मी वाचकावर सोडलंय."

"सर, तुम्ही शोधत होतात," ताई म्हणाली.

"खात्री करत होतो."

"ताई!" मालक म्हणाले.

लेखकांनी हेल्मेट उचललं. उद्या यायचं हं सगळ्यांनी, असं कुणाकडेच न बघता म्हणाले आणि गेले. गाडी दोन किक्समध्ये चालू झाली नाही, तिसऱ्याला झाली.

मालक खुर्चीसमोर उभे राहिले. नियम बापाचा होता, त्यामुळे त्यांनाही वाट बघणं भाग होतं. "म्हणा."

ताईने एकदा आठव्या फॉर्मकडे पाहिलं, कप्तानाची दुर्बीण अजून डोळ्याला होती.

"चालू," ती म्हणाली.

मग काय विचारता! शिलाई मशीन असं सुटलं की खिडकीची काच वाजायला लागली. कुणी जेवायला उठलं नाही. वहिनी घडी सोडून फॉर्म लावायला आल्या, ताईही खुर्ची सोडून त्यांच्या शेजारी उभी राहिली. दोघींचे हात एका लयीत चालले, एक ते चौदा, एक ते चौदा. थोड्या वेळाने वहिनी हळूच म्हणाल्या, "उशीचं मी चेष्टेत म्हटलं होतं हो."

"माहीत आहे."

"मला नकोय ती खुर्ची. वाचायला लागलं की मला झोप येते."

"माहीत आहे, वहिनी. सहावा फॉर्म उलटा लावलात."

पाच वाजता साडेआठशे प्रती बांधून झाल्या होत्या. गोंदकाकांच्या दंडापर्यंत गोंद होता. आणि तेव्हाच दारात ते हेल्मेट परत दिसलं.

लेखक सरळ ताईपाशी आले. शर्टाची इस्त्री गेली होती.

"ते प्रकरण होतं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "सोळा पानांचं. पंधरा फॉर्म होत होते. प्रकाशक म्हणाले चौदात बसवा. मी ते काढलं. त्यात उत्तर होतं हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. इतक्या गोष्टी होत्या ना त्यात."

ताईचे हात चालूच होते. अकरा, बारा, तेरा.

"सांगू? तो आवाज तिचाच होता. नर्सचा. ती पुन्हा एकदा मागे गेली, जिन्यावरून तीच आली आणि तिनेच त्याला हाक मारली. त्याला त्या घरातून बाहेर काढून वाचवायला."

"ते मला साठाव्या पानालाच कळलं होतं," ताई म्हणाली.

लेखकांनी हातातलं हेल्मेट टेबलावर ठेवलं.

"दुसरं कोण असणार, सर? लिफ्ट मागे नेते आणि हाक मारणाऱ्याला कुणी बघितलेलं नाही. पोरही सांगेल. मला ते नको होतं. मला बघायचं होतं, की आपणच हाक मारली हे कळल्यावर ती काय करते. परत लिफ्टमध्ये बसून घरी कशी जाते. आईच्या समोर ताटावर कशी बसते. त्याच्यासाठी थांबले होते मी." तिने चौदावा फॉर्म लावला आणि गठ्ठा टेबलावर ठोकून सरळ केला. "तुम्ही तिला जहाजावर बसवलंत."

लेखकांनी गठ्ठ्यातला आठवा फॉर्म बोटाने जरा वर उचलून पाहिला. मग म्हणाले, "तेही नव्हतं त्या प्रकरणात." आणि मग एकदम, "मी सांगतो तुमच्या मालकांना. तुमची खुर्ची जाणार म्हणाले ते बाहेरचे काका."

ते केबिनमध्ये गेले. काचेतून दिसत होतं. लेखक हातवारे करत होते, मालक ऐकत होते. गोंदकाकांनी ब्रश धुवायच्या निमित्ताने दाराजवळची बादली गाठली. दार उघडंच होतं.

"सर, तुम्ही आलात, खरं बोललात, मोठं मन लागतं," मालक म्हणत होते. "पण मला सांगा, फॉर्म चौदाच आहेत ना?"

"चौदाच."

"आणि चौदाही तुमचेच?"

"हो, पण गोष्ट..."

"गोष्ट तुमची, सर. बाइंडिंग माझं. बाइंडिंगचा थांबा फुकटच गेला ना? आज मी सगळ्यांदेखत नियम वाकवला तर उद्या तो नियम राहील का? बाबा असते तर तेसुद्धा..." इथे मालक अडखळले, कारण बाबा असते तर काय म्हणाले असते हे त्यांना पक्कं ठाऊक नव्हतं. "आणि मला एक सांगा, थांबवू का काम? घालताय का ते प्रकरण परत? उद्याचं प्रकाशन पुढे ढकला, मी आत्ता थांबवतो."

लेखकांनी घड्याळ पाहिलं. पत्रिका वाटून झाल्या होत्या. नातेवाईक गाड्यांत बसले होते.

"नको," ते म्हणाले.

ते निघताना ताईकडे बघून काहीतरी म्हणणार होते, पण मधे शिलाई मशीन होतं आणि ते फार जोरात चाललं होतं.

टेम्पो सहाला पाच कमी असताना आला आणि शेवटची प्रत सहा वाजून बावीस मिनिटांनी गठ्ठ्यात गेली. ड्रायव्हर कटकट करत होता. मालक टेम्पोबरोबर द्यायचं चलन घेऊन आले. चलनासोबत एक चिठ्ठी जाते, तपासणाऱ्याच्या सहीची. त्यावर दरवेळी एकच शब्द लिहायचा असतो, 'पूर्ण', आणि खाली सही. ताईने हा शब्द शेकडो वेळा लिहिला होता, न बघता.

"ताई, सही," मालक म्हणाले. मग डोळे दुसरीकडे करून म्हणाले, "सोमवारपासून घडीला बसा. खुर्चीचं बघतो मी काय ते."

"बरं."

तिने पेन घेतलं. पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. शाईचा ठिपका वाढत गेला. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मालक म्हणाले, "ताई, काय झालं आता?" आणि क्षणभर सगळ्यांना वाटलं की ती परत थांबा म्हणणार. शिलाईवाल्याने तर सवयीने हात वर केलेसुद्धा.

ताईने लिहिलं, सही केली आणि चिठ्ठी मालकांच्या हातात दिली.

मालकांनी ती वाचली. परत वाचली. त्यावर लिहिलं होतं, 'पानं पूर्ण आहेत.'

"हे काय? नुसतं पूर्ण लिहायचं असतं."

"तेवढंच तपासायला बसवलं होतं ना मला?" ताई म्हणाली. "तेवढंच लिहिलंय."

मालक चिठ्ठी हातात धरून उभे राहिले. फाडावी तर दुसरी लिहून घ्यायची, आणि दुसरीत ही बाई काय लिहील याचा भरवसा नाही. ड्रायव्हरने परत हॉर्न दिला. शेवटी त्यांनी चिठ्ठीची घडी घातली, चलनाला टाचली आणि गाडी सोडली.